अर्धा छेद

आश्विनाचे ऊन डोंगरउतारावर मधासारखे सावकाश ओघळत होते. समुद्र दूर होता. त्याचा क्षारगंध मात्र आम्रपर्णांवर रेंगाळत होता.

वृद्ध आंब्याच्या एका नम्र फांदीशी कुंडीतले कोवळे रोप बांधलेले होते. आषाढात दोघांची साल छेदून भागीरथीबाईंनी ही भेट घडवली. जखमेला जखम भिडवून वर केळीच्या सोपटाचे बंध आवळले. भाद्रपदात फांदीला अर्धा छेद दिला. उरलेला आठ दिवसांनी द्यायचा, आणि कलम झाडापासून मोकळे करायचे, अशी रीत.

महिना उलटला. "सांधा कच्चा आहे," बाई म्हणत.

घरात देवापाशी एक पत्रही तसेच पडून होते. बाईंच्या दिवंगत पुत्राच्या पत्नीला, रेवतीला, दापोलीच्या एका शिक्षकांनी मागणी घातली होती. आईंचा शब्द तोच माझा शब्द, एवढेच रेवती म्हणाली होती.

आज तिनेच चाकू पुढे केला.

"आई, नवी पालवी बघा. केव्हाच जुळलंय."

"तुला गो भारी कळतं! जायची एवढी घाई?"

"घाई असती तर या चाकूला धार लावायला चार दिवस लावले असते का मी?"

बाई हसल्या, आणि हसता हसता डोळे भरून आले.

त्यांना नवल वाटले. बंध सोडून त्यांनी सांध्यावरून बोट फिरवले. कुठे संपते झाड, कुठे सुरू होते रोप? रेषा सापडेना. मग तेच बोट जणू अंतःकरणावरून फिरले. लेकीसारखी ही घर पुन्हा मांडणार, हा हर्ष; हे घर रिते होणार, हा शोक. कुठे संपतो हर्ष, कुठे सुरू होतो शोक? तिथेही रेषा नव्हती. एकच साल, एकच रस. सत्तरीच्या त्या वृद्धेने स्वतःच्याच हृदयाकडे बालिकेच्या कुतूहलाने पाहिले.

"लिही त्यांना," त्या म्हणाल्या, "मार्गशीर्षात या म्हणावं."

आणि त्यांनी उरलेला छेद दिला.

कुंडी कडेवर घेऊन रेवती उतार उतरू लागली. तिच्या खांद्यावर तांबूस पालवी डुलत होती. मागे, छेदलेल्या फांदीच्या टोकाशी चिकाचा एक थेंब साकळला. त्यात ऊन शिरले. थेंब झळाळला, थरथरला, आणि झळाळतच गळला.