दुसरं 'हो'

आमच्या बेटावर मतदार त्रेचाळीस. युरोपच्या संघात जायचं की नाही यावर नॉर्वेनं कौल मागितला, तेव्हा कोण काय करणार हे बेटावर सगळ्यांना तोंडपाठ होतं. 'हो' म्हणणारे दोघेच, कोळंबीच्या शेडचा मुकादम आर्विड आणि त्याची बायको योरुन. बाकी एकजात 'नाही'. मीही त्यांतलीच. मी शाळेची बाई, म्हणून मतपेटी माझ्याच गळ्यात.

'नाही'वाल्यांचा म्होरक्या हाल्वार, आर्विडचा लहानपणापासूनचा दोस्त. त्यानं आपल्या होडीवर हातभर अक्षरांत 'नाही' रंगवलं होतं.

"स्पेनचे ट्रॉलर आले की आपल्याकडे माशाचा काटासुद्धा उरायचा नाही," तो म्हणायचा.

"आणि सोललेल्या कोळंबीवर युरोप जकात घेतो, त्याचं काय?" आर्विड उसळायचा. "मालक सरळ म्हणालाय, 'नाही' आलं की शेड बंद, यंत्रं डेन्मार्कला. मग मी काय तुझ्या होडीकडे बघत बसू?"

भांडून दमले तेव्हा दोघांनी तोड काढली. तुझं मत माझं मत कापणार, मग बर्फात तंगडतोड कशाला? दोघांनीही जायचं नाही. आमच्याकडे असं करतात, नवराबायकोसुद्धा. हातावर हात मारला की झालं.

सोमवारी मतदान संपायला दहा मिनिटं असताना हाल्वार शाळेत आला. टोपी भुवयांपर्यंत ओढलेली. "खूण कर नावावर, गुन्वोर," एवढंच बोलला. आर्विडचं घर शाळेच्या समोरच. तो खिडकीत उभा होता, त्यानं पाहिलं.

पेटी उघडली. नाही चाळीस, हो दोन. मी पुन्हा मोजलं. एक योरुनचं. दुसरं? एकेक चेहरा आठवत गेले आणि भुवयांपर्यंत ओढलेल्या त्या टोपीपाशी थांबले. दोस्त बेट सोडून जाऊ नये म्हणून हाल्वारनं शब्द मोडला होता.

देशात 'नाही' जिंकलं. लोकांनी हाल्वारला खांद्यावर घेतलं. आर्विडनं त्याच्याशी बोलणं टाकलं. हाल्वार दोनदा त्याच्या दारात गेला, दार उघडलं नाही. चारचौघांत बोलायची सोय नव्हती. म्होरक्याच फितूर निघाला म्हणून बेटानं त्याला वाळीत टाकलं असतं.

मार्चमध्ये शेड बंद झाली. आर्विड आणि योरुन सामान घेऊन धक्क्यावर आले. मी निरोप द्यायला गेले. बोटीचा दोर सोडायचं काम हाल्वारचं, त्यामुळे तोही पाच पावलांवर उभा.

"बाई," आर्विड मुद्दाम मोठ्यानं म्हणाला, "ते दुसरं 'हो' तुमचंच. मला तेव्हाच कळलं होतं. माझ्यासाठी एक माणूस तरी पुढे आलं. नाहीतर आमचे जिवलग! शेवटची दहा मिनिटंसुद्धा दम धरवला नाही."

हाल्वारनं माझ्याकडे पाहिलं. 'माझं नव्हतं', मी एवढं म्हटलं असतं तरी आर्विडला उमगायला पुरलं असतं. तसं म्हणायला मला कुठलाही नियम आड येत नव्हता.

"मतदान गुप्त असतं, आर्विड," मी म्हणाले, आणि वर हसलेसुद्धा.

योरुननं मला घट्ट मिठी मारली. हाल्वारनं दोर सोडला.

असं का केलंस, असं लोक विचारतील, म्हणून सांगते. मला ते आभार आवडले होते. दुसरं काही कारण नाही.