शिवलेल्या निऱ्या

ठमीच्या कारखान्यात साड्या शिवत. निऱ्या आधीच घालून आतून टाचलेल्या, कमरेला चेन, उजवीकडे खिसा, पदर खांद्याच्या मापाने बेतलेला. परकरासारखी चढवायची आणि निघायचं. कापड बेतायचं काम ठमीचं. ठमी हे घरचं नाव. कारखान्यातल्या बायका तिला 'मोजपट्टी' म्हणत, कारण ती चहाचा कपसुद्धा मोजून ठेवते असा त्यांचा दावा होता. गिऱ्हाइकं मात्र खूश असत. एक वकीलबाई म्हणाल्या होत्या, "नेसायचा वेळ वाचला, आता नवऱ्याशी सावकाश भांडता येतं."

घरी आईचं घोडं साडीपाशीच अडायचं. तिला विसर पडू लागून बराच काळ लोटला होता. आधी माणसांची नावं गेली, मग गॅस बंद करणं, मग आपलं घर कुठलं तेही. पण रोज सकाळी ती साडी घेऊन आरशासमोर उभी राही. नेसे, निऱ्या मनासारख्या पडल्या नाहीत की सोडे, पुन्हा नेसे. इकडे ठमीला कामाला उशीर आणि दारात मावशी. मावशी म्हणजे आईची धाकटी बहीण. दिवसभर तीच आईजवळ असे.

"ताई, अगं कुठे मिरवायला जायचंय? गाउन घाल की."

"तूच घाल. मला लाज आहे," आई म्हणे.

एक दिवस साडीचा घोळ पायात अडकून आई पडता पडता वाचली. मावशीने ठमीला धारेवर धरलं. "जगाला तयार साड्या आणि आईला मोकळं कापड! दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. उद्या तिचं हाड मोडलं तर मला बोलायचं नाही."

ठमीने टेप काढली. आई हसली. "माप कशाला? साडीला कधी माप असतं का, वेडे?"

जांभळी साडी तिने फार जपून शिवली. आईच्या निऱ्या चार बोटांच्या असत, तेवढ्याच ठेवल्या. कमरेशी जाड होऊ नये म्हणून आतलं जास्तीचं कापड कापून टाकलं. कारखान्यात तसंच करत. सकाळी मावशीने चेन लावली आणि चहा उकळायच्या आत आई तयार झाली. "सुटलो गं बाई," मावशी म्हणाली. मग ठमीने एकामागून एक आईच्या सगळ्याच साड्या शिवून टाकल्या.

आई तक्रार करेना. फक्त तिचे हात स्वस्थ बसेनात. ती चादरीच्या कडेच्या निऱ्या घाली, पडद्याच्या घाली, वर्तमानपत्राच्या घाली. शेजारीण बोलत बसली तर तिच्या ओढणीच्या घाली. मावशी म्हणाली, "माझा टॉवेलही सोडला नाही, आंघोळ करून येते तर पंखा झालेला!" सगळ्या हसल्या. मग एका संध्याकाळी ठमीला दिसलं, की आई नखाने पोटापाशी टाचलेली शिवण उसवतेय. बोटाचं टोक सोललं होतं.

डॉक्टरीणबाईंनी बोटाला पट्टी लावली आणि सहज विचारलं, "स्वतःचं स्वतः काय काय करतात?"

"आता काहीच नाही," ठमी म्हणाली. "साडी नेसायच्या. त्यालाही फार वेळ लागायचा."

"वेळ लागू द्यायचा. अशा आजारात हातांची सवय बरेचदा सगळ्यांत शेवटी जाते. वापरली नाही, तर तीही जाते."

आई रोज अडत होती असं ठमीने धरलं होतं. ती अडत नव्हती. येत होतं ते पुन्हा पुन्हा करत होती.

घरी आल्यावर ठमीने कपाट उघडलं. एकही साडी सबंध नव्हती. टाके उसवता आले असते, पण कापलेलं कापड कुठून आणणार? मावशीने आपली ट्रंक उघडली आणि घडी न मोडलेली हिरवी साडी आणून आईच्या हातात दिली.

आईने काठ चाचपला. सुलटी बाजू ओळखली. जुळवलेल्या बोटांवर कापड दुमडून तिने पहिली निरी घातली, मग दुसरी. सगळ्या चार बोटांच्या, एकसारख्या.

"बघ, हात विसरले नाहीत!" मावशी म्हणाली.

पण आईने आधी कमरेला फेरा घेतलाच नव्हता. निऱ्या खोचायला ती थांबलीही नाही. निरीवर निरी घालत ती पदरापर्यंत गेली. कापड संपलं. सगळी साडी तिच्या मुठीत होती. तिने आरशात पाहिलं, मुठीकडे पाहिलं, मग ठमीकडे.

"बाई, तुम्ही कपडे शिवता ना? हे कुठे ठेवायचं असतं हो?"

ठमीने ती मूठ धरली आणि हळूच कमरेकडे नेली. "इथे, आई. इथे खोचायचं."

आई दचकून मागे सरली. "थांबा हो, घाई करू नका. एक निरी वाकडी पडलीय."

तिने सगळं सोडलं आणि पहिल्यापासून घालायला घेतलं. ठमीने मावशीकडे पाहिलं. मावशी खिडकीकडे बघत होती. साडीचं दुसरं टोक जमिनीवर लोळत होतं, आईच्या पावलांजवळ. ठमीने ते उचललं आणि आईच्या पायात येऊ नये म्हणून धरून उभी राहिली.