दादाची शिकवणी

दादा विमानातून उतरला तो बाबांना बरं करायच्या तयारीनेच. इतके दिवस फोनवरून सल्ले देऊन झाले होते, आता समक्ष. दारातच त्याने विचारलं, “बाबा, ओळखा पाहू, मी कोण?”

बाबांनी उभा जन्म ड्रायव्हिंग स्कूल चालवलं होतं. स्मृतिभ्रंशाने बरंच पुसून नेलं, पण परक्या माणसाशी नीट वागायचं ते विसरले नव्हते. “बसा,” ते म्हणाले. “चहा घेणार?”

“अहो, मुलगा आहे मी तुमचा!” दादा ओरडला. जणू आजार कानाचा होता.

बाबांना दादाची धाकटी बहीण सांभाळायची. असे रुग्ण असलेल्या घरातली माणसं दर आठवड्याला एकत्र बसत, तिथे ती जायची. चुका काढू नकोस, ते जिथे आहेत तिथे जाऊन बस, असं तिथल्या बाईंनी तिला शिकवलं होतं. बाबा तिला आपली थोरली बहीण समजून ‘आक्का’ म्हणत आणि ती ओ देत असे. दादाला हे थेर वाटत.

“लाड चाललेत नुसते. मेंदूला व्यायाम हवा.”

जेवताना बाबांनी विचारलं, “हिचं ताट कुठाय?” म्हणजे आईचं. ती मागाहून जेवेल, असं बहीण म्हणणार तोच दादाने सत्य हाणलं, “आई केव्हाच गेली, बाबा. विसरलात?” बाबा हातातला घास तसाच धरून रडले. संध्याकाळी त्यांनी पुन्हा विचारलं, दादाने पुन्हा सांगितलं, ते पुन्हा तितकेच रडले.

“बघ,” दादा खुशीत म्हणाला, “भावना शाबूत आहेत.” एवढ्या अकलेवर हा माणूस कंपनीत साहेब झाला होता.

दुसऱ्या दिवशी त्याने बहिणीची गाडी काढली. जुने रस्ते दिसले की सगळं आठवेल म्हणे. बहीण मागे बसली. बाबा पुढे बसले आणि एकदम ताठ झाले.

“इंडिकेटर कोण देणार? तुझा बाप?”

“बाबा, मला गाडी येते—”

“तोंड बंद. नजर रस्त्यावर.”

भर चौकात दादा गडबडला आणि गाडी बंद पडली. मागून हॉर्नचा कल्लोळ. बाबांनी शांतपणे हँडब्रेक ओढला. “उतर. तुझ्याच्याने व्हायचं नाही. घरच्यांना उगाच आशेला लावू नकोस.”

“मी तुमचा मुलगा आहे!” दादा रस्त्यावर उभं राहून किंचाळला. ते ऐकून एका रिक्षावाल्याने मान हलवली.

बहीण पुढे आली, बाबांना म्हणाली, “बाळ्या, आता मी चालवते हं.”

“चालव, आक्का,” बाबा म्हणाले, आणि घरापर्यंत मजेत गुणगुणत राहिले. मागच्या सीटवर दादा मोबाइलमध्ये तोंड खुपसून बसला होता.

कामाचं निमित्त काढून तो ठरल्याआधीच परतला. तिथून फोन केला, “काही लागलं तर सांग.”

“लागतंय,” ती म्हणाली. “पुढच्या वेळी काही शिकवू नकोस. दुपारभर त्यांच्याजवळ नुसता बस. मी झोपेन.”

“बघतो.”

त्याचं बघणं अजून चालू आहे.