प्लंबरचा नकार

व्यसन सोडवणाऱ्या दवाखान्यातली गोळी जिभेखाली ठेवायची आणि ती विरघळेपर्यंत दहा मिनिटं बोलायचं नाही, असा नियम होता. बाकावर सात-आठ माणसं तोंड मिटून बसत. बघणाऱ्याला वाटावं, विचारवंतांची बैठक आहे.

नेमक्या त्या दहा मिनिटांत कंडक्टरबाई यायच्या. बसच्या नोकरीतून निवृत्त झालेल्या, आणि दुखण्याच्या गोळ्यांच्या व्यसनातून अकरा वर्षांपूर्वी सुटलेल्या. आपल्यासारख्यांचा एक गट त्या दर रविवारी शाळेच्या हॉलमध्ये जमवत.

"रविवारी चारला. ज्यांना यायचं नाही त्यांनी आत्ताच सांगा."

कोण सांगणार? बाई सगळ्यांची नावं लिहून घ्यायच्या. नर्स खिडकीबाहेर बघत राहायची.

बाकावरच्या प्लंबरला हा सरळसरळ अन्याय वाटे. शिडीवरून पडला, पाठ धरली, दुखण्याच्या गोळ्या मागे लागल्या, हे सगळं त्याला मान्य होतं. सोमवार ते शनिवार तो शहाण्यासारखा वागायचा. रविवारी दवाखाना बंद म्हणून त्या दिवशीची गोळी घरी न्यायला मिळे. मागच्या दोन्ही रविवारी ती डबीतच राहिली. रिकामी दुपार खायला उठली आणि तो जुन्या मित्राकडे जाऊन घसरला. पहिल्यांदा घरी त्याच्या थोरल्या ताईने तोंडाचा पट्टा सोडला. दुसऱ्यांदा ती काहीच बोलली नाही. तेव्हापासून तिचं रागावणंच बंद झालं होतं.

तरी म्हणून गोल करून रडत बसायचं? बाई त्याचं नाव लिहू लागल्या तशी त्याने जोरात मान हलवली.

"मान अवघडली का? गटात एक मालिशवाले आहेत."

त्याने कागदावर लिहिलं : मी येणार नाही.

"अक्षर सुरेख आहे. हजेरी तुम्हीच लिहा."

गोळी विरघळली तेव्हा बाई निघून गेल्या होत्या. आता नकार द्यायला हॉलवर जाण्याखेरीज इलाज नव्हता. रविवारी पावणेचारलाच तो हजर झाला.

"मी येणार नाही, एवढंच सांगायला आलोय."

"सांगा की. पण नंबराने. तुमचा नववा."

तो बसला. एका शिंप्याने नशेत सदऱ्याला तीन बाह्या कशा लावल्या आणि गिऱ्हाइकाने तो सदरा कसा मुकाट्याने नेला, ते सांगितलं. प्लंबर इतका हसला की पाठीत चमक आली. नंबर लागेपर्यंत साडेसहा वाजले.

"मी येणार नाही," तो उभा राहून म्हणाला.

टाळ्या पडल्या.

"मी चार महिने येऊन हेच सांगत होतो," शिंपी म्हणाला.

"तुमच्या अर्जावर पुढच्या रविवारी विचार करू," कंडक्टरबाई म्हणाल्या. "मधे कधी जड गेलं तर शिंप्याला फोन करा. कपडे वेळेवर देत नाही, पण फोन पहिल्या रिंगला उचलतो."

घरी ताईने आधी त्याचे डोळे निरखले. "गोळी?"

"सकाळीच घेतली."

"आणि एवढा वेळ कुठे होतास?"

"भांडायला गेलो होतो."

"जिंकलास?"

"निकाल पुढच्या रविवारी."

ताईने ताट वाढायला घेतलं. मग चप्पल कुठे काढलीस, आंघोळीचा टॉवेल पलंगावर कुणाच्या बापाने टाकला, इथपासून तिने जी सुरुवात केली ती जेवण होईपर्यंत थांबली नाही. प्लंबर मान खाली घालून ऐकत होता आणि आणखी भात मागत होता.