तिसऱ्या हाकेनंतर

“माझं बोलणं खुशाल काप, पण थांबणं कापू नकोस,” असं रेकॉर्डिंग संपल्यावर बाईंनी तिला बजावलं होतं. तेव्हा ती मान डोलावून मोकळी झाली. अर्धं लक्ष घड्याळाकडे होतं. पाळणाघर साडेपाचला बंद व्हायचं आणि साडेपाचच्या वर एक मिनिट गेलं, की तिच्या डोळ्यांपुढे भिंगरी बंद फाटकाशी एकटी उभी दिसायची. भिंगरी म्हणजे तिची लेक, तीन वर्षांची, एका जागी घटकाभर न ठरणारी. “हो हो बाई, मशीन सगळं नीट करतं,” असं म्हणत तिनं फोन पर्समध्ये टाकला आणि दोन-दोन पायऱ्या करत जिना उतरली.

बाईंनी तिला कॉलेजात जुनं साहित्य शिकवलं होतं. ती आता शाळांसाठी खेळ बनवणाऱ्या एका लहानशा कंपनीत होती. हेडसेट डोक्यावर चढवला, की मुलं थेट जुन्या काव्यातल्या जगात जाऊन उभी राहायची, अशी त्या खेळाची करामत. पहिला खेळ कुठल्या काव्यावर करायचा, असं साहेबांनी विचारलं, तेव्हा तिनं पटकन बाईंचं काव्य सांगितलं. बाईंचं म्हणजे बाईंनी लिहिलेलं नव्हे. ते शेकडो वर्षांपूर्वीचं. पण त्या वर्गातल्या कुणालाही विचारा, ते बाईंचंच होतं.

त्यातला एक प्रसंग तर तिला अजून जसाच्या तसा दिसायचा. नावाडी मुलगा धुक्यात नाव घेऊन गेलाय, दिवस कलायला आलाय, आई काठावरून तीन हाका मारते. तिसऱ्या हाकेला पलीकडून ओ येते. एवढंच. दुपारचा तास असायचा, पंखा कुरकुरत असायचा, मागच्या बाकांवर डब्यांची झाकणं गुपचूप उघडत असायची. बाई तिसरी हाक वाचायच्या, पुस्तक छातीशी धरायच्या आणि थांबायच्या. आधी झाकणं थांबायची. मग कुजबुज. मग कुणीतरी पेन खाली ठेवायचं. ती स्वतः बाकाची कड घट्ट धरून बसायची, जणू तो मुलगा तिनेच नदीत धाडलाय. आणि मग बाई हलकेच म्हणायच्या, “ओ.” अख्खा वर्ग श्वास सोडायचा. पुन्हा झाकणं.

तो आवाज खेळात असायलाच हवा, म्हणून तिनं बाईंच्या घरी जाऊन फोनवर सगळं वाचन उतरवून घेतलं होतं. घरी आल्यावर एका सॉफ्टवेअरमधून काढलं. त्यात एक खूण केली, की आवाजातल्या सगळ्या रिकाम्या जागा आपोआप गळून पडायच्या. ऑफिसात सगळे तीच खूण करायचे. फाइल आटोपशीर झाली. मूळ रेकॉर्डिंग मात्र तिनं पुसून टाकलं, कारण फोन भरला होता. कशानं, तर भिंगरीच्या पाठीवर उठलेल्या पुरळाच्या चौतीस फोटोंनी. डॉक्टरांना दाखवायला लागले तर असावेत म्हणून.

चूक कळली ती खेळ शाळांत जायला आठवडा उरलेला असताना. चाचणीसाठी चार मुलं आली होती. नदी बघून हरखली, धुक्यात हात घालून बघत राहिली. तीन हाका झाल्या, लगोलग ओ आली. एका मुलीनं हेडसेट काढला आणि विचारलं, “ती आई एवढी का ओरडते? तो तर लगेच आला की.”

बाईंचं थांबणंच कापलं गेलं होतं. ती तडक साउंडवाल्याकडे गेली.

त्याला ऑफिसात सगळे ‘कात्री’ म्हणायचे. तो म्हणाला, “त्यात काय? किती सेकंद हवेत सांग, घालून देतो. रिकामी जागा घालायला पैसे पडत नाहीत.”

“तीन घाल.”

तीन ऐकले. बाई खोकला आवरतायत असं वाटलं. सहा ऐकले. दहा ऐकले, तर खेळ अडकल्यासारखा वाटला.

“तुला आठवत नाही का?” कात्रीनं विचारलं.

“आठवतं म्हणजे अख्खी दुपार आठवते रे. तेवढी कुठे घालू?”

बाईंना विचारावं, तर बाईंचा आवाज आता उरला नव्हता. तीन महिन्यांपूर्वी घशाचं ऑपरेशन झालं होतं. बातमी कळली तेव्हा तिनं फोनवरून फुलांचं चित्र पाठवलं होतं. जाऊन येऊ म्हणता म्हणता भिंगरीचा ताप, मग सासूबाईंचा गुडघा, मग पाळणाघराची सुट्टी. आणि खरं सांगायचं तर, त्या न बोलणाऱ्या बाईंसमोर बसायची तिला भीती वाटत होती.

शनिवारी सकाळी ती लॅपटॉप, हेडसेट आणि भिंगरीला घेऊन बाईंच्या घरचा जिना चढली. दार बाईंनीच उघडलं. गळ्याभोवती मऊ पांढरा रुमाल, आणि दोरीनं अडकवलेली वही. बाईंनी तिला नखशिखांत न्याहाळलं आणि लिहिलं, ‘वाळलीस.’

“आजी बोलत का नाही?” भिंगरीनं लगेच विचारलं.

“आजीचा घसा दुखतोय, राणी.”

बाईंनी वही टेबलावर आपटली आणि लिहिलं, ‘खोटं नको. आवाज काढून ठेवलाय म्हणावं.’

तिनं ते लेकीला वाचून दाखवलं.

“कुठे ठेवलाय?”

ती अडखळली. “आईच्या कॉम्प्युटरमध्ये.”

भिंगरीला ते पटलं. ती टेबलाखाली शिरून बाईंच्या चपला जोडीनं लावत बसली. आई मात्र लॅपटॉपच्या झाकणाशी चाळा करत राहिली. बाईंनी तिच्याकडे थोडा वेळ पाहिलं आणि एकच शब्द लिहिला, ‘कापलंस.’ प्रश्नचिन्हसुद्धा नव्हतं.

“हो बाई. मूळसुद्धा पुसलं. फोटो ठेवायला जागा नव्हती.”

बाईंनी हात पुढे केला. तिनं मुकाट फोन दिला. बाईंनी चौतीसही फोटो एकेक करून पाहिले. ‘काय निघालं?’

“घामोळं.”

बाईंचे खांदे हलायला लागले. त्या हसत होत्या, आवाजाशिवाय, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मग ती पण हसली, आणि हसता हसता रडली.

तिनं हेडसेट बाईंच्या पांढऱ्या केसांवर बेतानं बसवला. आवाज लॅपटॉपमधूनही येत होता. चाळीस वर्षं शिकवलेली नदी बाई पहिल्यांदाच बघत होत्या. मान वळवून, वाकून, चाचपडत. मग त्यांचाच जुना आवाज खोलीत आला. पहिली हाक. दुसरी. तिसऱ्या हाकेला बाईंनी तळहात वर केला. तिनं खेळ तिथेच थांबवला आणि घड्याळ लावलं.

पाच सेकंद. आठ. मोरीत नळ ठिबकत होता. बारा. बाईंचा हात वरच. ती आकड्यांकडे बघत राहिली. टेबलाखालून चपलांचा आवाज येईनासा झाला होता, हे तिच्या लक्षातच आलं नाही. चौदा.

“ओ,” टेबलाखालून भिंगरी म्हणाली.

बाईंचा हात अलगद खाली आला.

हेडसेट काढून त्यांनी वही ओढली. ‘मोजत होतीस?’

“हो. चौदा निघाले.”

‘मी कधीच मोजले नाहीत. वर्गात कुणाच्या तरी ओठांवर ओ दिसेपर्यंत थांबायचे.’ पेन्सिल जरा रेंगाळली. ‘बहुतेकदा तुझ्याच.’

तिनं ती ओळ तीनदा वाचली. आपण ओ देतोय, हे त्या बाकावर तिला कधी कळलंच नव्हतं. आता शेजारच्या खोलीतल्या लेकीला हाक मारल्यावर उत्तर येईपर्यंत तिचा जो जीव टांगणीला लागतो, तो बाईंनी तिला एकोणिसाव्या वर्षीच एकदा दाखवून ठेवला होता.

सोमवारी तिनं कात्रीला सांगितलं, “सेकंद घालूच नकोस. हेडसेटला माइक आहे ना? खेळणारं मूल ओ देईपर्यंत पुढे सरकायचंच नाही.”

साहेब म्हणाले, “आणि एखाद्यानं दिलीच नाही तर? खेळ अडकतोय म्हणून शाळा बोंबलतील.”

“तर ती आई उभी राहील, साहेब. दुसरं काय करेल?”

साहेबांना ते फारसं रुचलं नाही, पण गुरुवारी तीच चार मुलं पुन्हा आली. मागच्या वेळी प्रश्न विचारणारी मुलगी तिसऱ्या हाकेनंतर बराच वेळ धुक्याकडे तोंड करून उभी होती. मागे कुणाचं तरी कुजबुजणं थांबलं. मग ती मुलगी अगदी हळू, जरा घोगऱ्या आवाजात म्हणाली, “ओ. आलो.” आणि नाव हलली.

तिनं त्याचा व्हिडिओ घेतला. फोनमध्ये जागा नव्हती, म्हणून पुरळाचे सगळे फोटो पुसले. पण बाईंना तो पाठवला नाही. संध्याकाळी भिंगरीला पाळणाघरातून घेतलं आणि थेट बाईंच्या जिन्याकडे वळली.

खेळ संपल्यावर पडद्यावर ‘शाबास’ यायचं ठरलं होतं. तिथे आता तिनं लिहिलेलं वेगळंच येतं. खेळ तुमच्यापर्यंत पोचेल न पोचेल, म्हणून ते इथेही दिलंय: तुम्हाला कधीकाळी मोठ्यानं वाचून दाखवणारं कुणीतरी असेल. त्यांनी हाक मारून बरेच दिवस झाले असतील, किंवा आता त्यांना हाक मारताच येत नसेल. फुलांचं चित्र पाठवू नका. आज जिना चढून जा, दार वाजवा, आणि ते बरे आहेत ना, एवढं बघून या.