दुसरं नाव

फाब्रिसियोनं तिच्या डोळ्यांवरचा चष्मा स्वतःच काढून टेबलावर ठेवला आणि फोटोवाल्याला म्हणाला, "हं, आता घे."

"मला चष्म्याशिवाय दिसत नाही," सोइला म्हणाली.

"तुम्हाला कुठं बघायचंय, ताई? लोकांनी तुम्हाला बघायचंय."

फोटो निघाला. मोरपीस खोचलेली हॅट, लाल शाल, गळाभर मण्यांच्या माळा. सोइलानं चष्मा उचलून पुन्हा घातला. किनाऱ्यावरच्या ग्वायाकिल शहराच्या उकाड्यात तिची पाठ घामानं भिजली होती, पण शाल काढायची नाही असं फाब्रिसियोनं सकाळीच बजावलं होतं.

उलिसेस मेरिसाल्दे राष्ट्राध्यक्षपदासाठी उभा होता आणि फाब्रिसियो त्याचा सल्लागार. किनारपट्टीवर उलिसेसची हवा होती. डोंगरात त्याला कुत्रं विचारत नव्हतं. म्हणून उपाध्यक्षपदाला माणूस डोंगरातलं हवं होतं. बाई असेल तर उत्तम, आदिवासी असेल तर सोन्याहून पिवळं. अर्जाची मुदत संध्याकाळी सहाला संपत होती. सोइला तोआकिसा डोंगरातल्या, कोतोपाक्सीकडच्या सव्वीस गावांच्या पाणी समितीची अध्यक्ष. तिला कालच गाडी पाठवून आणलं होतं.

"भाषणं मी करीन," केळ्याचा तळलेला काप तोंडात टाकत उलिसेस म्हणाला. "तुम्ही शेजारी उभं राहून हात हलवायचा. जमेल ना?"

"आणि निवडून आल्यावर?"

"तेव्हाही तेच!" तो मोठ्यानं हसला आणि फोन घेऊन गच्चीत गेला. फाब्रिसियो फोटोवाल्याला सोडायला जिन्यापर्यंत गेला.

टेबलावर फाइल उघडीच होती. सोइलानं ती आपल्याकडे वळवली. वर राजधानीतल्या, कीतोच्या एका डॉक्टरीणबाईंचं नाव. 'हुशार. ऐकणार नाही.' त्यावर काट. खाली एक शिक्षिका. 'नवरा विरोधी पक्षात.' काट. मग तिसरं नाव: 'तोआकिसा. फारशी बोलत नाही. त्रास नाही.'

तीन वर्षांपूर्वी खाण कंपनीची यंत्रं झऱ्यांपर्यंत चढली होती. पुढारी खाली कॅमेऱ्यांसमोर गर्जत होते. वर रस्त्यावर गारा झेलत अकरा दिवस बसल्या होत्या त्या सोइला आणि गावातल्या बायका. इंजिनियर समजावून, ओरडून दमला. सोइला एक अक्षर बोलली नव्हती. बाराव्या दिवशी यंत्रं मागे वळली. पेपरात नावं आली पुढाऱ्यांची. आणि आता उलिसेस प्रत्येक सभेत सांगत होता, डोंगरातलं सोनं किती दिवस मातीत कुजवायचं?

तिनं गाठोडं उचललं. गावाकडची बस कुठून सुटते हे खालच्या पहारेकऱ्यानं सांगितलं असतं. ती दारापर्यंत गेली, तर समोर फाब्रिसियो.

"निघालात कुठं?"

तिनं वळून टेबलावरच्या उघड्या फाइलकडे पाहिलं. मग म्हणाली, "एक विचारायचं होतं. उद्या साहेबांचं माझ्याशी पटलं नाही, तर ते मला काढून टाकतील?"

"छे हो!" त्याला तिची दयाच आली. "लोकांनी निवडून दिलेलं पद ते. अध्यक्षालाही काढता येत नाही. चार वर्षं निवांत राहा."

"साहेब परदेशी गेले, तर सही कुणाची?"

"तेवढ्यापुरती तुमची. या, बसा आता."

सोइलानं गाठोडं खाली ठेवलं. फाब्रिसियोनं पुढं केलेला अर्ज ती पहिल्या ओळीपासून वाचू लागली.

"अहो ताई, वाचताय काय? सहा वाजायला आलेत!"

"थांबा."

तो थांबला. गच्चीतून उलिसेसही दारात येऊन उभा राहिला. चार पानं संपेपर्यंत दोघं उभेच होते. मग तिनं पेन मागून घेतलं आणि पूर्ण नाव लिहून सही केली.

गाडीत बसल्यावर तिनं गावी भावाला फोन लावला. पुढच्या सीटवरच्या उलिसेस आणि फाब्रिसियोला तिची डोंगरातली किचुआ भाषा कळत नव्हती.

"गाईंचं आता तूच बघ, मानुएल. मला मोकळं व्हायला चार वर्षं लागतील."

"चार वर्षं?" तो घाबरला. "अगं, अटक केली का काय तुला?"

"अजून नाही," सोइला म्हणाली.