सावळीचा उजवा पाय

डाग देणं म्हणजे काय ते आधी सांगते. विमा कंपनीच्या माणसालाही ते समजावून सांगावं लागलं होतं आणि ते काम मीच केलं होतं. आमच्या शहापूर-मुरबाडकडच्या वाड्यांमध्ये बैल लंगडायला लागला की एखादा जाणता माणूस विळ्याचं टोक चुलीत लाल करतो आणि बैलाच्या खांद्यावर टेकवतो. कातडी जळते, बैल पाय झाडतो आणि दुखणं निघून गेलं असं सगळे धरून चालतात. मी जनावरांची डॉक्टर आहे. या प्रकाराचा मला मनापासून राग येतो. दहा वर्षं मी वाड्यावाड्यांत जाऊन सांगत आलेय की मुक्या जिवाला चटके देऊ नका. पुढे जे झालं त्यात हा रागच माझ्या कामी आला.

वैशाखरे गावाच्या अलीकडे, माळशेज घाटाच्या रस्त्याला लागून एक फार्म आहे. शर्यतीचे घोडे दमले किंवा दुखावले की मुंबई-पुण्याहून तिथे विश्रांतीला येतात. शेठ वर्षातून दोनदा उगवतात, बाकी सगळा कारभार मॅनेजर जगदीशच्या हातात. माझा दवाखाना मुरबाडला. तिथे दिवसभर शेळ्या, कोंबड्या आणि अडलेल्या म्हशी. आठवड्यातून दोनदा मी फार्मवर जायचे आणि त्या दोन दिवसांची वाट बघायचे. कॉलेजात असल्यापासून मला घोड्यांची डॉक्टर व्हायचं होतं. आपली मनस्वी रेसचे घोडे तपासते, हे माझ्या वडिलांनी आमच्या अख्ख्या किन्हवली गावाला ऐकवलं होतं. जगदीशला ही नस सापडली होती. "मॅडम, तुमच्यासारखा हात मुंबईतही नाही," असं म्हणून तो मला हरभऱ्याच्या झाडावर चढवायचा आणि मीही चढायचे.

फार्मवर एक गडद तपकिरी घोडी होती. कागदावर तिचं नाव 'माळशेज मिस्ट'. तिला सांभाळणारा सईस म्हणजे चांगोबाबा, जवळच्या ठाकरवाडीतला साठीचा माणूस. ते इंग्रजी नाव काही त्याच्या तोंडात बसेना. तो तिला सावळी म्हणायचा आणि तीही त्या हाकेलाच मान वळवायची.

गणपती झाले आणि सावळी पुढच्या उजव्या पायानं लंगडायला लागली. मी एक्स-रे काढला. गुडघ्याखालच्या हाडाला केसाएवढी चीर होती. सहा महिने विश्रांती, पळवायचं नाही, असं मी लिहून दिलं. जगदीशनं तो कागद वाचला, चार घड्या केल्या आणि खिशात घातला.

"शेठनी गिऱ्हाईक ठरवलंय," तो म्हणाला. "त्यांचा डॉक्टर दिवाळीनंतर घोडी बघायला येतोय. तेवढ्यापुरती नीट चालली की झालं. तिकडे नेऊन ते सहा महिने ठेवतील नाहीतर वर्षभर, आपल्याला काय?"

मी नाही म्हणायला हवं होतं. त्याऐवजी मी म्हणाले, "फक्त चालवायची. पळवायची नाही."

"तुमचा शब्द तो शब्द, मॅडम."

आठवडाभर आधी रंगीत तालीम झाली. मी तिच्या गुडघ्याखाली दोन बाजूंनी बधिर करायचं इंजेक्शन दिलं. वीस मिनिटांत घोडी अशी चालायला लागली, की जणू कधी दुखलंच नव्हतं. जगदीशनं टाळ्या वाजवल्या. चांगोबाबा मात्र लगाम धरून तिच्या पायाकडे बघत राहिला.

"बाय, ही बरी झाली का?"

"झाली म्हणायची," मी म्हणाले.

दुपारी इंजेक्शन उतरलं आणि ती पुन्हा लंगडायला लागली. मी तोवर मुरबाडला परतले होते. चांगोबाबानं ते पाहिलं आणि त्याच्या परीनं अर्थ लावला, की डॉक्टरचं औषध टिकलं नाही, दुखणं आत दडून बसलंय. त्यानं घरून विळा आणला, फार्मवरच तीन दगडांची चूल मांडली आणि सावळीच्या उजव्या खांद्यावर डाग दिला. लपूनछपून नव्हे, चार माणसांसमोर. त्या अख्ख्या फार्मवर तिचं दुखणं खरं मानून त्यावर काहीतरी करू पाहणारा तो एकटाच होता. हे मला आज दिसतं. त्या दिवशी मी जाऊन त्याला फैलावर घेतलं.

"वेड लागलंय का, चांगोबाबा? बैल आहे का हा?"

"बैल काय नि घोडी काय. दुखतं तवा सारकाच दुखतंय," तो म्हणाला. "तू चिडू नको. माज्या बापानं पन असाच दिलेला."

जखम रुपयाएवढी होती, नुसती कातडीवर. मी मलम लावलं. जगदीशनं गिऱ्हाइकाला सांगायला कुंपणाच्या तारेची गोष्ट तयार ठेवली.

गिऱ्हाईक आलं ते सकाळी दहाला. सोबत त्यांचा डॉक्टर, वयानं माझ्याएवढाच. मी नऊ वाजताच सुई देऊन ठेवली होती. एक्स-रे म्हणून मार्चमधला, धडधाकट पायाचा, पुढे केला. त्यानं घोडीचा पाय चाचपला, वाकवून पाहिला, तिला दोन्ही अंगांनी चालवून घेतलं. तो माझ्याकडे बघून हसला, एका डॉक्टरनं दुसऱ्याकडे बघून हसावं तसा. माझ्यावर विश्वास ठेवून तो अर्ध्या तासात मोकळा झाला.

मग गिऱ्हाईक म्हणालं, "एकदा पळताना बघू."

जगदीशनं माझ्याकडे पाहिलं. मी त्याच्याकडे पाहिलं. मी तोंड उघडलं असतं तर पुढचं काही झालं नसतं. 'नको' एवढं दोन अक्षरी काम होतं. पण मग डॉक्टरनं का म्हणून विचारलं असतं, पुन्हा एक्स-रे काढला असता आणि माझं डॉक्टरकीचं रजिस्ट्रेशन गेलं असतं. मी धावपट्टीच्या कठड्याला टेकून उभी राहिले. जगदीशनं मान हलवली आणि घोडेस्वार वर चढला.

दुखणाऱ्या पायावर जनावर पुरा भार टाकत नाही, पाय सांभाळून टाकतं. सावळीला तो पाय दुखतच नव्हता. तिनं सगळा जोर लावला. तिसऱ्या वळणावर आवाज आला, सुकी फांदी मोडावी तसा. स्वार पलीकडे फेकला गेला, त्याला फक्त खरचटलं. सावळी उठून उभी राहिली आणि तीन पायांवर चालायला लागली. चौथा गुडघ्याखाली लोंबत होता. मला ते विसरता येत नाही. तिला कळतच नव्हतं की पाय मोडलाय. ती तो टेकवायला बघत होती.

चांगोबाबा धावत गेला आणि त्यानं तिचं डोकं छातीशी धरलं. शेवटचं इंजेक्शन मीच दिलं. त्या दिवसातलं तेवढं एक काम मी चोख केलं.

घोडी अजून विकली गेली नव्हती, म्हणजे शेठचीच होती, आणि तिचा मोठा विमा होता. मेलेल्या घोड्याच्या रक्ताची बाटली कंपनीला द्यावी लागते, कुठलं औषध दिलं होतं का ते बघायला. जगदीश माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "मॅडम, शेजारच्या घोडीचं काढा." मी शेजारच्या घोडीचं काढलं आणि बाटलीवर माळशेज मिस्ट असं लिहिलं. अक्षर नेहमीसारखंच आलं.

चौथ्या दिवशी कल्याणहून कंपनीचा माणूस आला. सभ्य, हळू बोलणारा. त्यानं मेलेल्या घोडीचे फोटो टेबलावर पसरले आणि खांद्यावरच्या खुणेवर बोट ठेवलं.

"हे काय?"

जगदीश तारेची गोष्ट सुरू करणार, एवढ्यात दारात उभा असलेला चांगोबाबा पुढे आला.

"त्यो डाग. मीच दिला, साहेब. पाय दुकत व्हता तिचा."

मला वाटलं, संपलं सगळं. पाय दुखत होता हे त्यानं सांगून टाकलं होतं. पण त्या माणसानं वेगळंच धरलं. त्यानं मला डाग म्हणजे काय ते विचारलं आणि मी सांगितलं, माझ्या सगळ्या खऱ्या रागासकट. किती जुनाट, किती निर्दय, दहा वर्षं मी याविरुद्ध कशी बोलतेय. तो भराभर लिहून घेत होता.

"डॉक्टर, या भाजण्यामुळे पाय मोडू शकतो?"

भाजलेलं खांद्यावर होतं आणि मोडलेलं गुडघ्याखाली. कॉलेजच्या पहिल्या वर्षाचा पोरगाही हसला असता.

"खांदा दुखत असला तर घोडी पाऊल वाकडं टाकते," मी म्हणाले. "सगळा भार भलतीकडे जातो. हो, मोडू शकतो."

"आणि लंगडत होती म्हणतात ते?"

"डाग दिल्यावर लंगडायला लागली. आधी नाही."

चांगोबाबा माझ्याकडे बघत होता. तो रागावला नव्हता. एखादी गोष्ट आपल्याला ठाऊक नव्हती आणि आता समजली, असा त्याचा चेहरा झाला होता. नोकराच्या अडाणीपणामुळे अपघात, असं अहवालात आलं. विमा मंजूर झाला. जगदीशनं चांगोबाबाला त्याच आठवड्यात काढून टाकलं.

मी फार्मवर जायचं सोडलं नाही. सोडलं असतं तर लोकांनी कारण विचारलं असतं.

भाताची झोडणी उरकली तेव्हा चांगोबाबा माझ्या दवाखान्यात आला. बायको लहानीही सोबत होती. दोघं बाकावर बसले. समोरच्या शेळीवाल्याचं होईपर्यंत थांबले. मग लहानी म्हणाली, "बाय, तूच सांग यास्नी काय ता. जेवत नाय नीट. मी म्हन्ते तुमच्या डागानं घोडी मरंल कशी? पन आयकत नाय."

चांगोबाबानं तिला हातानं गप्प केलं. "तू साहेबासमोर बोलली ता बोलली. तिथं नोकरीचं काय काय असतंय. आता हितं कोन नाय. माज्या डागानंच मेली का ती? खरं सांग."

तो मला वाट करून देत होता. त्याला माझी चूक दाखवायची नव्हती, काही परत मागायचं नव्हतं. नाही म्हटलं असतं तर तो उठून घरी जाऊन जेवला असता. पण मला हेही माहीत होतं की या माणसाला काही लपवता येत नाही. उद्या कुणी विचारलं, तर तो सांगेल, डाक्टरीनबाय म्हनली माजी चूक नाय. मग पुढचा प्रश्न माझ्याकडे येईल. मी स्वतःला समजावलं की नाहीतरी डाग देणं वाईटच आहे.

"हो, चांगोबाबा," मी म्हणाले. "डागानंच मेली."

लहानीनं पदर तोंडाला लावला. त्यानं आपल्या हातांकडे पाहिलं. मग उठला.

"बरं झाला तू सांगितलास. वाडीतली सारी माजी बाजू घेत्यात, खरं कुनी बोलत नाय." त्यानं दारात चपला पायात सरकवल्या. "आता पोरांना सांगतो, कुना जनावराला डाग देऊ नका. तुजं नाव सांगू ना, बाय? तुजं नाव सांगितलं तर आयकतील."

मी म्हणाले, "सांगा."